उजवीकडचा होकार

सत्यवानाला उघडंबोडकं मशीन बघवत नसे. कुडाळात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं टायपिंगचं, झेरॉक्सचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोक मशीन दुरुस्तीला टाकून जात आणि न्यायला येत तेव्हा ते नटूनथटून बसलेलं असे. कुणी सांगितलेलं नसताना. काजूच्या बागवाल्याच्या पडद्यावर बाणाऐवजी काजूची बी फिरे. भजनीबुवांचं मशीन बंद करताना झांज वाजे. मशीन विचारात पडलं की वाळूचं घड्याळ दिसतं, त्या जागी त्याने पोफळीच्या बागेतला रहाट बसवला होता. रहाट फिरत राही, आणि कामाला उशीर झाला तरी माणसं चिडायची विसरत. याला थीम म्हणतात, स्किन म्हणतात, हे तो गिऱ्हाइकाला सविस्तर समजावी आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं राही. हौसेला मोल नाही म्हणतात, ते असं.

शेजारच्या गाळ्यात आल्बर्ट शिंपी होता. त्याच्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक खिडकीला सत्यवानाने टीप मारल्यासारखी दोऱ्याची कड लावून दिली होती. आल्बर्ट ती बघून हसे.

"सत्यवान, मी कपडे शिवतंय ते अंग झाकूक. तू ह्या यंत्रांक कित्याक शिवतस?"

"बरां दिसता म्हणान," सत्यवान सांगे. लग्नाचं वय या खटपटीत कधी निघून गेलं ते त्याच्याही लक्षात आलं नाही, आणि ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी चार वेळा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं.

कुडाळहून मालवणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आत त्यांचं गाव. घरात आई यशोदा, धाकटा भाऊ बाबू आणि बाबूची बायको किशोरी. वडील लवकर गेले. आईने भातशेतीच्या दोन तुकड्यांवर आणि काजूच्या झाडांवर दोन मुलगे वाढवले. बाबू हसरा, हातापायाने चपळ, घरात न टिकणारा. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तो आखाताकडच्या एका लहान मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला. बोट बंदराला लागली की तिथल्या सायबर कॅफेतून फोटो पाठवी. ते फोटो आईला बघता यावेत म्हणून सत्यवानाने घरी मशीन आणलं.

या मशीनवर त्याने आपली सगळी कला ओतली. पडद्यावर घरासमोरचा खळा आणला, शेणाने सारवलेला, मधोमध तुळस. केराची टोपली काढून तिथे घरामागचा शेणाकचऱ्याचा खड्डा, गायरी, ठेवली. फोटोंचा कप्पा म्हणजे तुळशीशेजारी उभा असलेला बाबू, पांढऱ्या सदऱ्यातला. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की आतले फोटो उघडत. आईला अक्षरओळख बेताची, इंग्रजी तर मुळीच नाही, पण खळा तिचाच होता. तिथे कुठे काय आहे हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

अडलं ते एकाच ठिकाणी. एके दिवशी चुकून काहीतरी दाबलं गेलं आणि पडद्यावर एक चौकट आली.

"ह्यां काय विचारता?" आईने विचारलं.

"काढून टाकू काय, म्हणान विचारता."

"व्हय खंयचो?"

"डावीकडचो."

आईने हात मागे घेतला. "डावो कौल म्हणजे नाय. शेंबड्या पोराकसुद्धा कळता. ज्याचो होकार डावीकडे, त्या यंत्राक देवाचो धाक नाय."

तिचंही खरंच होतं. त्या गावात कुठलंही मोठं काम देवाला विचारल्यावाचून होत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी पाण्याने पाकळ्या चिकटवतो, गावकर गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे पाकळ्यांकडे डोळे लावून बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नको म्हणाला. जन्मभर ज्या बाईने उजवा म्हणजे होकार हे पाहिलं, तिने एका यंत्रासाठी उजव्याचं डावं का करावं? सत्यवान वाद घालत बसला नाही. कित्येक दिवस दुकानातलं काम बाजूला टाकून त्याने मशीनच्या पोटातली ती चौकट शोधून काढली, दोन्ही बटणांच्या जागा बदलल्या, आणि वर आपल्या भाषेत लिहिलं, 'ह्यां काढून टाकू काय, महाराजा?' उजवीकडे 'व्हय', डावीकडे 'नको'. आईने दोन्ही दाबून पाहिली आणि मान हलवली.

यशाने माणूस फुगतो. सत्यवानाने तीच चौकट कुडाळातल्या गिऱ्हाइकांच्या मशीनवरही बसवायला घेतली. एका पतपेढीतल्या कारकुनाच्या बोटाला डाव्या होकाराची सवय होती. त्याने न वाचता बटणं दाबली आणि त्याचा दिवसभराचा गोंधळ झाला. पतपेढीचे साहेब स्वतः दुकानात आले.

"हे काय चालवलंय तुम्ही? होय डावीकडेच असतं. जगभर डावीकडेच असतं. तुमच्या गावचा देव इथे आणू नका."

सत्यवानाने हात जोडले आणि सगळीकडचं पूर्ववत करून दिलं. उलटी चौकट राहिली ती फक्त स्वतःच्या घरच्या मशीनवर.

मग ती बोट बुडाली. वादळात सापडली म्हणाले. काहींची प्रेतं मिळाली, त्यांत बाबू नव्हता. बोटीच्या मालकाकडून पहिल्यांदा फोन आले, मग ते फोन उचलेनासे झाले. सत्यवान मुंबईला जाऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आला. "मृतदेहाशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही," एवढंच प्रत्येक जण सांगे. शेवटी आईने देवाला विचारलं. भिकाजी गावकराने गाऱ्हाणं घातलं, गुरवाने पाकळ्या लावल्या, आणि त्या दिवशी एकही पाकळी पडली नाही. उजवी नाही, डावी नाही. दिवस कलला तेव्हा गुरव म्हणाला, "देव बोलना नाय." आई उठली आणि घरी आली.

देव बोलला नाही म्हणजे बाबू गेला असं देवानेही सांगितलेलं नाही, हे तिने धरलं ते धरलंच. रोज दिवेलागणीनंतर ती मशीन लावी, बाबूवर टिचकी मारी, फोटो बघे आणि कप्पा मिटून टाकी. मग पदराने कीबोर्ड पुशी. पुसताना हमखास कुठलंतरी बटण दाबलं जाई, आणि बाबूवरच खूण राहिलेली असल्याने चौकट उघडे, 'ह्यां काढून टाकू काय, महाराजा?' आई डावीकडे 'नको' दाबी. सत्यवानाने सांगून पाहिलं की पुसताना मशीन बंद कर, म्हणजे हे विचारणार नाही. तिने ऐकलं नाही. पुढे त्याला कळून आलं की तिला ते विचारलेलं हवंच असे. दिवसातून एकदा कुणीतरी तिला बाबूचं विचारी आणि ती नको म्हणे.

यात भरडली गेली ती किशोरी. वाडीत हळदीकुंकू निघालं की हिला बोलवावं की नाही, असं बायका एकमेकींना विचारत. बोलावलं तरी पंचाईत, न बोलावलं तरी पंचाईत. ती स्वतःच जायची बंद झाली. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायचं, संध्याकाळी येऊन सासूच्या शेजारी बसून स्वतःच्या नवऱ्याचे फोटो बघायचे. बघता बघता ती त्या फोटोंतल्या बाबूपेक्षा वयाने मोठी झाली. तिच्या भावाने रेडीचं एक स्थळ आणलं. बंदरावर क्रेन चालवणारा, बायको आजारात गेलेला, सरळ माणूस. किशोरीने खाली बघत सांगितलं, "आयेन सांगल्याशिवाय नाय."

बारा वर्षं झाली तेव्हा भटजींनीही सांगितलं की आता दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, शास्त्रात तसं आहे. सत्यवान आईमागे लागला. बाबू गेला याबद्दल त्याच्या मनात शंका उरलेली नव्हती. समुद्रात बारा वर्षं कोण राहतं?

"आये, त्या किशोरीकडे बघ जरा. तिचा काय चुकला?"

"माका दिसता रे," आई म्हणे. "पण देवान अजून सांगूक नाय. मी कशी सांगू?"

सत्यवान चिडून उठून जाई. घरात तीन माणसं, आणि तिघं एका दारात अडकून पडलेली. त्याला आईचा राग येई, आणि राग आल्याबद्दल वाईट वाटे.

पाऊस सरतानाच्या एका दुपारी गडगडाट झाला आणि घरचं मशीन गेलं. विजेने आतलं सगळं जाळलं होतं. हार्ड डिस्क तेवढी वाचली. सत्यवानाने दुकानात नवं मशीन जोडलं, जुनी डिस्क त्यात बसवली, आणि सजवायला बसला. खळा आला. तुळस आली. गायरी आली, पांढऱ्या सदऱ्यातला बाबू तुळशीशेजारी आला. चौकट मात्र येईना. नवं विंडोज पोटात हातच घालू देत नव्हतं. उघडलं तरी मिटून घेई, बदललं तरी दुसऱ्या दिवशी आपलं आपण पूर्वीसारखं करून टाकी. अशी मशीनं आता कुणी नटवतही नव्हतं. इंटरनेटवरच्या ज्या परदेशी मंडळींकडून तो ही विद्या शिकला होता, त्यांनी आपापली दुकानं केव्हाच बंद केली होती.

त्याने मशीन घरी नेलं. आईने पडद्यावरून हात फिरवला.

"सगळा पयल्यासारखा आसा मा?"

"व्हय," सत्यवान म्हणाला.

आता बघा, एवढं एक वाक्य. जमलं नाही, हे आईपाशी कबूल करायला काय हरकत होती? पण आयुष्यभर मशीन नटवणं ही एकच गोष्ट त्याला नीट येत होती, आणि तीही आता येईनाशी झाली, हे तोंडातून काढवेना. सांगू दोन दिवसांनी, असं त्याने ठरवलं. मग भात कापणीला आला, ते राहून गेलं, आणि काही दिवस आईलाही मशीन लावायला सवड झाली नाही.

एका संध्याकाळी तो दुकानातून आला तर तुळशीपुढे दिवा होता आणि घरात अंधार. आई मशीनपुढे बसली होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

"बाबू गेलो," ती म्हणाली.

त्याला कळेना. मग त्याने पडद्याकडे पाहिलं. तुळशीशेजारची जागा रिकामी होती.

"यंत्रान विचारल्यान. मी नको म्हटलंय, रोजच्यासारखा. तरी नेल्यान." तिचा आवाज कोरडा होता. "इतकी वर्षां देव बोलूक नाय. आज बोललो."

सत्यवान मशीनपुढे वाकला. गायरीत बघितलं, तिथेही बाबू नव्हता. कप्पा मोठा होता, लग्नाचा व्हिडिओसुद्धा त्यातच. एवढं मोठं काही काढायचं झालं की हे मशीन गायरीत टाकत नाही, कायमचं काढू का म्हणून विचारतं. आणि त्याचा होकार डावीकडे. आईच्या बोटाने रोजची जागा दाबली होती, अक्षरं बघून नव्हे. लोकांना रोज प्रत काढून ठेवा म्हणून सांगणाऱ्या या माणसाने स्वतः प्रत काढलेली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

"आये, ह्यां मशीन नवीन आसा, तेचो..." त्याने सुरुवात केली.

"तूच सांगलंस मा, सगळा पयल्यासारखा आसा म्हणान?"

तो म्हणाला, "व्हय."

सकाळी डिस्क काढून त्याने कुडाळ गाठलं. पुसलेलं परत काढायची युक्ती त्याला येत होती. दुपारपर्यंत एकेक फोटो वर यायला लागला. मुंडावळ्या बांधलेला बाबू. कुठल्याशा बंदरात उंटाशेजारी उभा बाबू. बोटीवर मोठ्या टोपात डाव घालून हसणारा बाबू. आल्बर्ट कात्री हातात घेऊनच बघायला आला.

"गावलो?"

"गावलो."

"मगे आवशीक फोन कर."

"हातात देतंय तिच्या," सत्यवान म्हणाला. सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन त्याने दुकान बंद केलं. वाटेत त्याने काय बोलायचं ते जुळवलं. चूक माझी, मशीनचा होकार उलट्या बाजूला होता, तू नको म्हणालीस ते देवाने ऐकलं, बाबू कुठे गेलेला नाही. या वेळी खोटं बोलायचं नाही असं त्याने पक्कं केलं होतं.

पुढच्या दारी कुणी नव्हतं. मागच्या पडवीतून रडण्याचा आवाज येत होता. किशोरी जमिनीवर बसून रडत होती, हंबरडा फोडून. इतक्या वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. जिवंत माणसासाठी रडायचं नसतं, म्हणून तिने ते आत कोंडून ठेवलं असणार. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत होती.

"मी तुका धरून ठेवलंय गो," आई म्हणत होती. "मी पापी. आता तू मोकळी. रेडीवाल्यांक सांग, आयेन हो म्हटल्यान म्हणान. कुंकू पुसू नको. बाबूचो नि कुंकवाचो आता संबंध नाय."

सत्यवान दाराआड उभा राहिला. खिशातला पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरला होता. आत पाऊल टाकायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम. बोललं तर आई उद्या दिवेलागणीला पुन्हा त्या मशीनपुढे बसेल. किशोरी डोळे पुसून तिच्या शेजारी बसेल. आणि तो रेडीचा माणूस किती थांबणार? त्याला स्वतःची लाज वाटली. मग हायसं वाटलं. हायसं वाटलं म्हणून आणखी लाज वाटली. तो आला तसा पुढच्या दाराने बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने चपला वाजवत परत आला.

"फोटो गावले?" आईने विचारलं.

"नाय गावले."

"मी सांगलेलंय तुका," आई म्हणाली.

नदीच्या काठावर भटजींनी दर्भाचा पुतळा केला. लहान मुलाएवढा. बाप नाही, मूल नाही, म्हणून अग्नी भावाने द्यायचा. भिकाजी गावकर आणि वाडीतले चार जण मागे उभे होते. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी त्याने आईशी भांडण मांडलं ती आज त्याच्याच हातून होत होती. पेटती काडी पुढे नेऊन त्याने परत मागे घेतली. गावकराला वाटलं, भावाची माया. त्याने येऊन खांद्यावर हात ठेवला. दर्भ सुका होता, पेटायला वेळ लागला नाही.

किशोरीचं लग्न कुडाळच्या कचेरीत सह्या करून झालं. निघताना ती वाकून नमस्कार करायला आली. हिरवं लुगडं तिला शोभत होतं, आणि त्याने तिला हसताना फार वर्षांनी पाहिलं.

"भावजी, आयेक सांभाळा."

"तू सुखी रव," तो म्हणाला.

आई आता लवकर झोपते. जेवण अंगी लागतं. एक दिवस ती म्हणाली, "तो खळो काढ तेच्यावरसून. आता कित्याक?" सत्यवानाने खळा काढला, तुळस काढली, गायरी काढली. कंपनीचा निळा पडदा तेवढा राहिला. दुकानातही तो आता मशीन दुरुस्त करतो आणि जसं आलं तसं परत देतो. आल्बर्टने एकदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. मग त्याने विचारणं सोडून दिलं.

गावाच्या लेखी बाबू गेला. आईच्या लेखी गेला, किशोरीच्या लेखी गेला, देवानेच तसं सांगितलं. देव काहीच बोलला नव्हता, हे ठाऊक असलेला माणूस एकच. आणि तोच पूर्वी सगळ्यांत आधी म्हणत असे, बारा वर्षं समुद्रात कोण राहतं? आता त्याला ते तसं छातीठोक म्हणता येईना. रस्त्यावर एसटी थांबली की उतरणाऱ्यांकडे त्याची नजर जाते. बुडालेल्या बोटीतून वाचून परक्या देशात राहिलेल्या माणसांच्या बातम्या तो मोबाइलवर शोधून वाचतो, मग त्या पुसून टाकतो.

परवा दुपारी जेवताना फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, सुरुवातीचे आकडे परदेशातले. हात न धुताच तो उठला आणि अंगणात आला. पलीकडून कुणी बोलेना. नुसती घरघर येत होती.

"कोणाचो रे?" आतून आईने विचारलं.

"कोणाचो नाय. चुकीचो."

"मगे ये, भात निवता."

"येतंय," तो म्हणाला. फोन त्याने खाली ठेवला नाही. घराकडे पाठ केली, माडाच्या आड गेला, आणि आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "बाबू, तू काय रे?"